रिसर्च पेपर छापायचाय? पैसे भरायच्या आधी लायब्ररीत या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. पुस्तकं देणं-घेणं हे काम आहेच, पण गेल्या काही वर्षांत निम्मा दिवस पीएचडीवाल्या पोरापोरींचे आणि प्रमोशनच्या फायली काखेत घेऊन आलेल्या सर-मॅडमचे प्रश्न सोडवण्यात जातो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहूनच काढले. क्रम वगैरे काही नाही, जसे काउंटरवर येतात तसेच लिहिलेत.

ओपन ॲक्सेस म्हणजे नेटवर फुकट मिळणारी पीडीएफ, एवढंच ना?

तेवढंच नाही. संशोधनाचा लेख फुकट वाचता येणं हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा म्हणजे ते वर्गात वाटायला, भाषांतर करायला, पुढच्या कामात वापरायला आधीच परवानगी दिलेली असते, लेखकाचं नाव दिलं की झालं. २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात हे पहिल्यांदा नीट मांडलं गेलं, पुढच्याच वर्षी बर्लिनचा जाहीरनामा आला.

पण हे सगळं कशापायी, ते आपल्याकडच्या भाषेत सांगते. संशोधनाचा खर्च बऱ्याचदा सरकारचा, लेख लिहिणार प्राध्यापक, त्याचे पैसे नाहीत. लेख तपासणार दुसरे प्राध्यापक, त्यांनाही काही नाही. आणि छापून आला की तोच लेख वाचायला आपल्याच लायब्ररीनं वर्गणी भरायची. म्हणजे ऊस आपला, गुऱ्हाळात रात्रभर राबलो आपण, आणि गुळाची ढेप मात्र बाजारभावानं विकत घ्यायची.

आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय की, मग ओपन ॲक्सेसचं काय काम?

जर्नल्सची म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांची वर्गणी सरकारनं एकत्र भरायची ही योजना चांगली आहे, त्यात वाद नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरूही झाली. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट (लायब्ररी नेटवर्कचं केंद्र) हे सगळं बघतं. तुमची संस्था त्यात आहे का आणि लॉगिन कसं करायचं हे आधी आपल्या ग्रंथपालांना विचारा, कारण लॉगिन असून वर्षभर न वापरलेले लोक मी बघितलेत.

पण ही योजना सरकारी संस्थांसाठी. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातल्या पोरांचं काय? गोकुळ शिरगावला फाउंड्रीत काम करणारा इंजिनिअर, ज्याला वाळूच्या साच्यातल्या दोषांवरचा एक लेख पाहिजे, त्याचं काय? साखर कारखान्यातल्या शेती अधिकाऱ्यानं काय करायचं? आणि आपण छापलेलं बाहेरच्यांना उघडं होतं का, तर ते या योजनेतून आपोआप होत नाही. शेवटी ही वर्गणीच, देशानं मिळून भरलेली. वर्गणी संपली की वाचनही संपलं.

ओपन ॲक्सेसमध्ये छापायचं म्हणजे लेखकानं पैसे भरायचेच ना?

हा गैरसमज इतका पक्का बसलाय की मी काउंटरवर बोर्डच लावणार होते. नाही. भरायचेच असं नाही.

जर्नल स्वतःच सगळं उघडं ठेवतं त्याला गोल्ड म्हणतात. त्यातली काही लेखकाकडून एपीसी म्हणजे छपाईचा चार्ज घेतात, काही घेत नाहीत. जी लेखकाकडूनही घेत नाहीत आणि वाचकाकडूनही घेत नाहीत ती डायमंड, तिथं खर्च एखादी संस्था, विद्यापीठ किंवा सरकार उचलतं. आपल्याकडची सीएसआयआरची जर्नल्स किंवा सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये काढलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नल्स घ्या, तिथं चांगला पेपर एपीसी न भरता छापून येऊ शकतो, फक्त रिव्ह्यूला म्हणजे लेखाच्या तपासणीला कस लागतो. हायब्रीड म्हणजे जर्नल वर्गणीचंच, पण जादा पैसे भरले तर तुमचा एकटा लेख उघडा. म्हणजे प्रकाशकाची दोन्हीकडून कमाई, हे माझं मत. आणि ग्रीन म्हणजे छापायचं कुठंही, पण आपली प्रत रिपॉझिटरीत म्हणजे संस्थेच्या डिजिटल कपाटात उघडी ठेवायची, शून्य रुपये. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण खरी मजा तिथंच आहे.

एपीसी किती असू शकते याचा अंदाज पाहिजे तर 'नेचर'नं २०२१ पासून एका लेखाला ९,५०० युरो ठेवले होते. म्हणजे आठ लाखांच्या वर. तेवढ्यात आमच्या लायब्ररीला नवीन रॅक, फॅन आणि छताचं गळणं सगळं होऊन पैसे उरतील.

चार्ज माफ होतो का असंही विचारतात. भारताचं नाव आपोआप माफी मिळणाऱ्या देशांच्या यादीत बऱ्याचदा नसतं, पण फंडिंग नाही असं लिहून अर्ज केला तर काही प्रकाशक सवलत देतात. हे सबमिट करायच्या आधी विचारायचं, ॲक्सेप्ट झाल्यावर नाही.

मेल आलाय, 'तीन दिवसांत पेपर ॲक्सेप्ट, आजच फी भरा.' भरू का?

थांबा.

एका शुक्रवारी संध्याकाळी खिडक्या लावत होते तेव्हा एक पोरगी पळत आली, मोबाईल हातात, पेमेंटचं पान उघडलेलं, म्हणाली मॅडम फक्त वायफाय द्या. कशाला म्हटलं तर हेच. मेलची सुरुवात 'आदरणीय थोर प्राध्यापक' अशी, आणि ही बिचारी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला, अजून कोर्सवर्कचा निकाल यायचा होता. तिला म्हटलं बस, पाणी पी, दहा मिनिटं बघू.

जर्नलची साइट उघडली. नावात 'इंटरनॅशनल', 'ॲडव्हान्स्ड', 'मल्टिडिसिप्लिनरी' तिन्ही. जुने अंक उघडले, एकाच अंकात योगासनं, काँक्रीट, जीएसटी आणि संत साहित्य. संपादक मंडळात एका परदेशी प्राध्यापकाचं नाव होतं, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघितलं तर ते या जर्नलचा उल्लेखही करत नव्हते. खाली इंडेक्सिंगचे (जर्नल कुठल्या याद्यांत आहे ते सांगणारे) लोगो लग्नपत्रिकेतल्या प्रेषकांसारखे ओळीनं लावलेले. 'डोआज' म्हणजे तपासून घेतलेल्या ओपन ॲक्सेस जर्नल्सची यादी, तिचा लोगो होता, तो बघून ती म्हणाली बघा की मॅडम, आहे की. लोगो कुणीही चिकटवतं गं. डोआजच्या स्वतःच्या साइटवर जाऊन नाव शोधलं, नव्हतं. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा इतर लोक किती संदर्भ घेतात त्याचा आकडा) ७ पॉइंट काहीतरी लिहिलेला, पण खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी देते, तिथंही हे नाव नाही. संपर्काला फक्त एक व्हॉट्सॲप नंबर.

तिनं पेमेंटचं पान बंद केलं आणि मला एकदम माझंच आठवलं. मी लायब्ररी सायन्स करून नवीन लागले होते तेव्हा असंच एका ठिकाणी १,८०० रुपये भरून पेपर छापला होता, सर्टिफिकेट आलं, लॅमिनेशन करून घेतलं, घरी आईनं शोकेसमध्ये ठेवलं. दोन वर्षांनी साइटच गायब. पेपर आता कुठंच नाही, लॅमिनेशन तेवढं शाबूत आहे.

आणखी एक सांगते, कारण त्यात हुशार सरही फसलेत. खऱ्या, जुन्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी नंबर) उचलून हुबेहूब खोटी साइट काढतात. त्यामुळं नाव यादीत आहे एवढ्यावर जाऊ नका, यादीतली लिंक आणि तुम्ही उघडलेली लिंक एकच आहे का ते अक्षर अन् अक्षर जुळवा. 'थिंक, चेक, सबमिट' नावाची एक साधी चेकलिस्ट नेटवर फुकट आहे, इतर भाषांतही आहे, ती आम्ही प्रिंट काढून काउंटरला अडकवलीय.

केअर लिस्टमध्ये आहे का तेवढं सांगा की.

केअर लिस्ट म्हणजे चालतील अशा जर्नल्सची यादी, ती यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१८ मध्ये जाहीर केली, २०१९ पासून ती धरली जायची, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता जर्नल निवडायची जबाबदारी संस्थांवर आणि पर्यायानं तुमच्यावरच, यूजीसीनं फक्त काय बघावं याचे मुद्दे दिलेत. तरी अजून 'केअर लिस्टेड' असं लिहून फी गोळा करणारे आहेत. आणि पीएचडीला पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमात निघाली, पण विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवू शकतं, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक बघा, मित्राच्या व्हॉट्सॲपवरचं नाही.

माझा पेपर आधीच वर्गणीच्या जर्नलमध्ये आलाय. आता तो उघडा करता येईल?

बहुतेक वेळा येतो, आणि हे कुणालाच माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

एका लेखाच्या तीन अवस्था असतात. पहिली, तुम्ही जर्नलला पाठवली ती वर्ड फाइल, ती प्रीप्रिंट. दुसरी, रिव्ह्यूवाल्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करून जी मंजूर झाली ती, पण अजून तुमच्याच वर्डमध्ये. तिसरी म्हणजे प्रकाशकानं दोन कॉलमात मांडून, लोगो, पान नंबर घालून काढलेली पीडीएफ. तिसरी प्रकाशकाची, ती सहसा टाकायची नाही. दुसरी बरेच प्रकाशक रिपॉझिटरीत टाकू देतात, कुणी लगेच, कुणी सहा महिने, वर्ष किंवा दोन वर्षं थांबून. कुठलं जर्नल काय परवानगी देतं ते शेर्पा रोमिओवर दिसायचं, आता त्याचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर झालंय, जर्नलचं नाव टाकलं की समोर येतं.

गोची कुठं होते सांगू? दुसरी फाइल सापडत नाही. मागच्या महिन्यात केमिस्ट्रीचे एक सर लॅपटॉप घेऊन बसले, फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'फायनल फायनल', 'गाईडनी बघितलेलं', 'हेच पाठवायचं' अशा अकरा फाइली. मंजुरीच्या मेलची तारीख बघून, कोणत्या फाइलीत तिसऱ्या रिव्ह्यूवाल्याची दुरुस्ती आलीय ते वाचत वाचत शेवटी सापडली, ती 'न्यू डॉक्युमेंट' नावाची होती. तेव्हा पेपर मंजूर झाला त्याच दिवशी ती फाइल वेगळी ठेवा, नाहीतर स्वतःलाच मेल करा.

रिपॉझिटरी म्हणजे संस्थेचं कायमचं डिजिटल कपाट समजा. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनं २००२ मध्येच सुरू केलं, देशातलं पहिलं. डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर बऱ्याच लायब्ऱ्या वापरतात, ते फुकट आहे, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट नसतो, तिथं आमच्यासारख्या कॉलेजांचं घोडं अडतं. फिजिक्स, गणितवाल्यांचं बरंय, त्यांचं आर्काइव्ह (arXiv) नावाचं कपाट १९९१ पासून चालू आहे, छापायच्या आधीच टाकून मोकळे होतात.

रिसर्चगेटवर टाकलंय की, चालत नाही का?

ती खाजगी कंपनीची साइट आहे, उद्या बंद झाली किंवा नियम बदलले तर तुमचं काही चालणार नाही. आणि तिथं बहुतेक जण प्रकाशकाचीच पीडीएफ चढवतात, ती मग काढायला लावतात. टाका हवं तर, पण रिपॉझिटरीत टाकून तिची लिंक तिथं द्या.

कॉपीराइट फॉर्मवर सही करायला सांगितलीय, वाचायला पाहिजे का?

जमिनीचा सातबारा न वाचता सही कराल का? तसंच हे. सहसा त्यात तुम्ही लेखाचे हक्क प्रकाशकाला देता, मग स्वतःच्याच लेखातली आकृती पुस्तकात घालायला त्याची परवानगी काढत बसायचं. आपल्याकडं कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे नातवंडांपर्यंतचा मामला आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर आपला १९५७ चा कायदा ती ५ वर्षं धरतो, पण मोठे प्रकाशक मुदत लिहायला विसरत नसतात.

ओपन ॲक्सेसमध्ये हक्क तुमच्याकडं ठेवून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन द्यायचं असतं. सीसी बाय म्हणजे नाव द्या आणि काहीही करा. एनसी जोडलं की धंद्यासाठी नाही, एनडी जोडलं की बदल करून वाटायचं नाही, एसए जोडलं की पुढच्यानंही त्याच अटीवर द्यायचं. एनडी लावताना एक लक्षात घ्या, त्यात भाषांतरही अडकतं. तुमचा इंग्रजी लेख उद्या कुणी मराठीत आणायचा म्हटला तर परत तुमच्या दारात.

थिसिस शोधगंगावर टाकला तर लोक चोरतील की हो?

हा प्रश्न दर सबमिशनच्या सीझनला येतोच. पहिलं म्हणजे यात चॉइस नाही, यूजीसीच्या २००९ च्या नियमापासून थिसिसची सॉफ्ट कॉपी द्यावीच लागते आणि विद्यापीठ ती शोधगंगावर, म्हणजे देशभरातल्या थिसिसच्या ऑनलाइन कपाटात, चढवतं, शिवाजी विद्यापीठाचे कितीतरी थिसिस तिथं आहेत. दुसरं, उलटा विचार करा. पूर्वी थिसिस बाइंडिंग करून कपाटात जायचा, त्यातून कुणी उतरवलं तर कळायला मार्ग नव्हता. आता पाच लाखांहून जास्त थिसिस उघडे आहेत, सॉफ्टवेअर त्यांच्याशी ताडून बघतं, म्हणजे चोर पकडला जायची शक्यता वाढली. पेटंटचा विषय असेल तर आधीच गाईडशी आणि विद्यापीठाशी बोला, थांबवून ठेवायची सोय विचारा.

मराठी, इतिहासवाल्यांसाठी खास. थिसिस डीटीपीवाल्याकडं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप करून घेता, पीडीएफ दिसायला सुंदर, पण ती युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारी अक्षरं) नसते. मी एका पीडीएफमध्ये 'पन्हाळा' शोधलं, शून्य. तोच शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला तर कसलीतरी चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं पडली. म्हणजे पाच वर्षं राबून लिहिलेलं गुगलला दिसतच नाही, उघडं असून बंद. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा, किंवा टाइप करणाऱ्याला आधीच बजावा.

प्लॅगरिझम किती टक्के चालतं?

प्लॅगरिझम म्हणजे उचलेगिरी. २०१८ च्या यूजीसी नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणारा भाग १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून परत द्यायचं, सहा महिन्यांच्या आत. ४० ते ६० असेल तर वर्षभर सबमिशन बंद, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भसूची, अवतरणचिन्हात नाव देऊन घेतलेला मजकूर, सलग १४ शब्दांपर्यंत योगायोगानं जुळणारं, हे मोजत नाहीत. रिपोर्ट लायब्ररीतूनच मिळतो. शब्द उलटेपालटे करून टक्के खाली आणायचे क्लास निघालेत म्हणे, आमच्याकडं तसलं विचारू नका.

ऑर्किड, डीओआय, आयएसएसएन, हे सगळं माझ्याकडं पाहिजेच का?

ऑर्किड म्हणजे संशोधकाचा स्वतःचा नंबर, तो पाहिजेच. का ते कोल्हापुरात सांगायला नको. स्कोपसवर (लेखांची मोठी सूची) 'पाटील एस.' टाकून बघा. आमच्याच स्टाफरूममध्ये हाक मारली तर तिघं वळून बघतात. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेल्या मॅडम, मग निम्मे पेपर माहेरच्या नावावर आणि निम्मे सासरच्या. ऑर्किड हा १६ अंकी नंबर, २०१२ पासून आहे, फुकट मिळतो, पाच मिनिटांत होतो, आणि नाव कितीदाही बदललं तरी नंबर तोच.

डीओआय हा लेखाचा कायमचा पत्ता, १० नं सुरू होतो, साइट बदलली तरी लेखापर्यंत पोचवतो, तो जर्नल काढणारा देतो. आयएसएसएन आठ अंकी, जर्नलचा, भारतात दिल्लीच्या केंद्राकडून फुकट मिळतो. त्याचा अर्थ जर्नल नोंदलेलं आहे एवढाच. गाडीला नंबर प्लेट आहे म्हणून ड्रायव्हर चांगलाच असेल असं होत नाही.

आमच्या डिपार्टमेंटला स्वतःचं जर्नल काढायचंय, लायब्ररी मदत करेल?

करेल, पण आधी एक प्रश्न मीच विचारते, तिसऱ्या वर्षी अंक कोण काढणार? पहिला अंक उत्साहात निघतो, प्रकाशनाला पाहुणे, नारळ, फोटो. दुसरा उशिरा. तिसऱ्याला एचओडी बदललेले असतात. तयारी असेल तर ओपन जर्नल सिस्टिम्स हे फुकट सॉफ्टवेअर आहे, कॅनडातल्या विद्यापीठातून आलेलं, जगभर हजारो जर्नल्स त्यावर चालतात. लेख येणं, रिव्ह्यूला जाणं, दुरुस्ती, अंक मांडणं सगळं त्यातच. लायब्ररी आयएसएसएनचा अर्ज, लायसन, जुने अंक जपून ठेवणं, पुढं डोआजसाठी अर्ज एवढं बघू शकते. रिव्ह्यू करणारी माणसं मात्र तुम्हीच आणायची, आणि आपल्याच कॉलेजातली नकोत. चप्पल, गूळ, कुस्ती, ऊस, शाहू महाराजांचा काळ, या सगळ्यावर इथं बसून लिहिणारी माणसं आहेत आणि त्यांचे लेख कुठल्यातरी सेमिनारच्या स्मरणिकेत पडून आहेत. त्यांच्यासाठी एखादं नीट चालवलेलं डायमंड जर्नल निघालं तर मी रविवारीसुद्धा येईन.

पुस्तकातली प्रकरणं वर्गासाठी झेरॉक्स केली तर चालतं?

शिकवण्यासाठी चालतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर तीन मोठ्या प्रकाशकांनी केस टाकली होती, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टानं अभ्यासासाठीच्या कोर्सपॅकला (प्रकरणांच्या झेरॉक्सच्या संचाला) कायद्यात जागा आहे असं म्हटलं, पुढच्या वर्षी प्रकाशकांनी केस मागं घेतली. म्हणून अख्खं पुस्तक छापून विकायला मोकळीक मिळाली असं समजू नका.

सायहब?

वर्गणीचे लेख परवानगीशिवाय फुकट देणारी ही साइट, तिच्यावर २०२० पासून दिल्ली हायकोर्टात केस आहे. लायब्ररीच्या काउंटरवरून मी त्याची लिंक देणार नाही. त्याऐवजी अनपेवॉल हे फुकट एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाका, लेखाची कायदेशीर उघडी प्रत कुठं असेल तर ते शोधून देतं. तिथंही नसेल तर सरळ लेखकाला मेल करा, दोन ओळींचा, नम्र. बरेच लेखक पाठवतात, आपला लेख कुणाला तरी वाचायचाय याचाच त्यांना आनंद असतो.

मराठीत असं उघडं काय आहे?

आपल्या शेजारी वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश सगळा नेटवर फुकट आहे. साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगितलं की डोळे मोठे करतात. मराठी संशोधन नियतकालिकांचं मात्र अवघड आहे, चांगली आहेत ती छापील आणि नेटवर नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात किंवा १८५० पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन धूळ झटकायची तयारी ठेवा.

या सगळ्यासाठी लायब्ररीत किती वेळ लागतो, फी किती?

फी नाही. वीस मिनिटं धरा. येताना जर्नलची लिंक, त्यांचा मेल आणि पेपरची वर्ड फाइल घेऊन या, पेमेंटचा स्क्रीनशॉट घेऊन येऊ नका कारण तेव्हा उशीर झालेला असतो. दीड ते दोन माझा डबा असतो. आणि शुक्रवारी संध्याकाळी खिडक्या लावायच्या आत या.